दोणीचं बूच

तर झालं काय, मे महिन्यातला शुक्रवार, भर दुपार, आणि सॅविओचा टेम्पो इगर्जीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, गेटातून उलटा आत येतोय. मागे हौद्यात गोधड्यांत गुंडाळलेलं, दोरखंडानं चारी बाजूंनी करकचून बांधलेलं नवंकोरं संगमरवरी कुंड. तळेऱ्याला ट्रकमधून उतरवून घेतलं तिथपासून ह्या पठ्ठ्यानं टेम्पो तिसाच्या वर नेला नव्हता. घामानं निथळत होता, पण हसत होता.

"हळू रे मेल्यांनो, हळू!" कुस्तोदियो काका ओरडत होते. इगर्जीची किल्ली, घंटा, मेणबत्त्या, सगळं त्यांच्याकडे, पन्नास वर्षं. "फुटला तर जेरी मस्कतसून येवन एकेकाक फोडतलो!"

"काका, तुमी बाजूक व्हा. तुमीच आधी फुटशात," बाबली गवंडी म्हणाला, आणि उतरवणारे सहाच्या सहा जण हसले, आणि हसता हसता कुंड वाकडं झालं, आणि पुन्हा आरडाओरडा.

मेल्विना चहाची किटली घेऊन पायरीवर उभी होती. मेल्विना म्हणजे सॅविओची बायको. आणि हे कुंड पाठवणारा जेरी म्हणजे सॅविओच्या बहिणीचा, फेबीचा नवरा. फेबी बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणजे मेल्विनाच्याच घरी. मुलगी झाली, आता तीन महिन्यांची, रविवारी तिचा बाप्तिस्मा. जेरीला रजा नाही, तर त्यानं मुलीच्या नावानं इगर्जीला कुंड दिलं.

फादर बाहेर आले. नवे फादर, वसईचे, पस्तिशीचेसुद्धा नाहीत. बोलायचे पुस्तकातल्यासारखं, पण माणूस साधा. त्यांनी संगमरवरावरून हात फिरवला नि म्हणाले, "सुंदर! रविवारी बाळाच्या डोक्यावर ह्यातलंच पाणी. आणि सोमवारी बाबली बाप्तिस्म्याची जुनी दोण काढेल, तिथं लादी बसेल."

"दोणीचा काय करतालात फादर?"

"बागेत ठेवू. कमळं लावू तिच्यात."

कमळं सगळ्यांना आवडली. बाबली तर म्हणालाही, "गुलाबी लावया, पांढरी नको." आणि एवढ्यात पायरीवरून आवाज आला, "दोणीतच करा."

कोणाला कळेचना कोण बोललं. मग परत, जरा मोठ्यानं, "फादर, बाप्तिस्मा दोणीतच करा."

सगळे वळून बघायला लागले. कारण मेल्विना इगर्जीत तीन वर्षांत चहा घ्या, साखर कमी आहे का, ह्यापलीकडे बोललेली नव्हती. सॅविओ दोरखंड हातात घेऊन तसाच बघत राहिला. मागून एका बाईनं दुसरीच्या कानात सांगितलं, पण असं सांगितलं की चिंचेच्या झाडापर्यंत ऐकू जावं: "दुसऱ्याचा पोर आसा मां, म्हणान पोटात दुखता तिच्या."

मेल्विनानं ऐकलं. किटली खाली ठेवली आणि घरी गेली.

आता हे असं का, ते सांगायला हवं, कारण त्या सगळ्या गर्दीत ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

ती दोण तुम्ही बघितली असती तर तुम्हाला गुरांना पाणी पाजायची दोणच वाटली असती. म्हणून तर गावानं तेच नाव ठेवलं. काळ्या दगडाची, कमरेएवढी उंच, आठ कोनांची, दारातून शिरल्यावर डाव्या हाताला. कडा हात लागून लागून साबणासारख्या गुळगुळीत. सॅविओचा पणजा, आजा, बाप, सॅविओ, फेबी, सगळ्यांच्या डोक्यावर पाणी पडलं ते हिच्यात. आणि हिच्या तळाला एक भोक. अंगठा जाईल एवढं. आशीर्वादाचं पाणी गटारात सोडायचं नसतं ना, ते मातीलाच मिळालं पाहिजे. म्हणून भोकाखालून एक दगडी पन्हळ जमिनीखालून, भिंतीखालून मागे जाते आणि बाहेर तोंड काढते. गाईची जीभ कशी बाहेर येते, तसं तोंड. बाप्तिस्मा झाला की बूच काढायचं, पाणी मागं मातीत.

हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या तोंडाखाली काय आहे ते फक्त बायकांना, आणि त्याही सगळ्या बायकांना नाही. जिच्यावर वेळ आली तिलाच दुसरी कोणीतरी सांगायची. जी बाळं न रडताच आली, बाप्तिस्म्याआधीच गेली, त्यांना पूर्वी सिमितेरीत, म्हणजे चर्चच्या कबरस्तानात, जागा नव्हती. मग आया, आज्या त्यांना इथं आणायच्या. पन्हळीच्या तोंडाखाली. म्हणजे गावात कधीही कोणाच्याही बाळाचा बाप्तिस्मा होऊ दे, त्याच्या डोक्यावरून उतरलेलं पाणी ह्यांना पोचणार. दुसऱ्याच्या पोराचं उरलेलं पाणी. पण पाणी.

तीन वर्षांपूर्वी, श्रावणात, मेल्विनाला आठव्या महिन्यातच कळा आल्या. सॅविओ नारळ घेऊन कोल्हापूरला गेलेला आणि घाटात दरड पडलेली. दोन दिवस तो तिकडेच. इथं मुलगी झाली आणि रडली नाही. सासू, मारियान माय, बाटलीत इगर्जीतलं पाणी भरून खाटेशी उभी होती. एकदा रडली असती, नुसता श्वास जरी घेतला असता, तरी ओतलं असतं तिनं, तेवढं कोणीही करू शकतं, त्याला फादर लागत नाही. पण मेलेल्या बाळावर ते पाणी चालत नाही. माय वाट बघत राहिली, बाटली तशीच भरलेली राहिली.

मग मायनं माळ्यावरून आंब्याचा रिकामा बॉक्स काढला. एक डझनाचा. वर छापलेलं "देवगड हापूस", खाली पिवळा आंबा. आत स्वतःची पांढरी ओढणी. सकाळी पाऊस असा कोसळत होता की इगर्जीमागं कोण कशाला बघतंय. मेल्विनाला उठू नको सांगितलं तर ती भिंत धरधरून मागोमाग गेलीच. मायनं खुरप्यानं खणलं. आणि परत येताना मेल्विनाच्या हाताला धरून म्हणाली, "घोवाक सांगू नको. तो फादराकडे जायत, आणि फादर काढूक लायत. सिमितेरीत ठेवला, त्याच्या आज्याच्या बाजूक, असा मी सांगतंय त्याका."

तसंच सांगितलं. सॅविओनं विश्वास ठेवला, आईवर कोण ठेवत नाही? आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, तो आज्याच्या थडग्याकडे जातो आणि बाजूच्या रिकाम्या मातीत एक बारीक मेणबत्ती लावतो. मेल्विना शेजारी उभी राहते. पहिल्या वर्षी सांगणार होती. दुसऱ्या वर्षी सांगायला तोंड उघडलं तर त्यानं वाऱ्यात ज्योत विझू नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा केलेला. मग कसं सांगणार? गेल्या वर्षी माय गेली. आता सांगणारी ही एकटीच उरली.

आणि पाणी? तीन वर्षांत एकदाच आलं. बाळंच नाहीत ना गावात! तरुण माणसं गोव्याला, मुंबईला, मस्कतला. मागच्याच्या मागच्या जानेवारीत एका शिक्षकांच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा बूच नव्हतं, हरवलेलं, तर कुस्तोदियो काका दोणीत बोट घालून उभे होते, सगळा वेळ, फादर प्रार्थना म्हणतायत आणि काका एका पायावरून दुसऱ्या पायावर. पोरं हसून हसून मेली. मेल्विना तोवर मागं जाऊन बसलेली. काकांनी बोट काढलं आणि पन्हळीतून पाणी आलं. दोऱ्याएवढं. दोन मिनिटं. तिनं आधी तळवा धरला, मग काढला, पडू दिलं खाली. आणि मनात ठेवलेलं नाव घेतलं. तेव्हापासून दोण कोरडी.

आणि आता सोमवारी दोण निघणार, पन्हळीवर लादी बसणार. म्हणजे रविवारचं पाणी हे शेवटचं पाणी. ते नव्या कुंडात पडलं तर संपलं. तिच्या मुलीला परत कधीच काही मिळणार नाही.

कळलं ना? आता पुढं ऐका.

घरी फेबी बाळाला मांडीवर घेऊन वाटच बघत होती. बातमी टेम्पोच्या आधी पोचलेली.

"वयनी, भर इगर्जीत काय ता बोललंस तू? जेरीन इतक्या हौसेन धाडल्यान, आणि त्या दोणीत, शी! माका लहानपणी तिच्यात बेडूक गावलो होतो."

"मगे तुझो बाप्तिस्मो खंय झालो? त्या बेडकाबरोबरच मां?"

फेबी हसली. हसायचं नव्हतं तिला, पण हसली. आणि मेल्विनानं बघितलं, आत्ताच, नाहीतर कधीच नाही. आणि ती खोटं बोलली. बाळाचे पाय चोळता चोळता, खाली बघून.

"मायन सांगल्यान होता. जाताना. फेबीक पोर झाला तर दोणीतच करा म्हणान. आमच्या घरातला शेवटचा तरी दोणीत होवंदे म्हणान."

फेबीचा चेहराच बदलला. आई गेली तेव्हा ती मस्कतला होती, तिकीट मिळेपर्यंत माती झालेली. "माझा नाव घेतल्यान मायन?"

"घेतल्यान."

फेबी इतकी रडली की बाळ घाबरून रडायला लागलं. मग तिथल्या तिथं जेरीला व्हिडिओ कॉल. जेरी सायटीवर, डोक्यावर हेल्मेट, मागं क्रेन. "करा गो खंय करूचा ता," तो ओरडला, "माका फोटो मात्र नव्या कुंडाकडे व्हयो! हय सगळ्यांका सांगून बसलंय मी!"

रात्री जेवताना सॅविओनं बायकोकडं बघितलं. ती दोन वेळा भात वाढून घेत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी सकाळी ती फादरांकडे. फादर कागदपत्रं चाळत बसलेले. म्हणाले, "मेल्विना, घरच्यांना चालत असेल तर मला काहीच हरकत नाही. पण ती दोण गळते. काका काय मला परत बोट घालून उभे नको आहेत. पाणी धरलं तर दोण, नाहीतर नवं कुंड. ठीक?"

"धरेल फादर. बूच करून घेते." ऑफिसात ती शुद्ध बोलायची, शाळेत बोलायची तशी.

जायला निघाली, दारात थांबली. "फादर, एक विचारू? बाप्तिस्मा न होता गेलेलं मूल... त्याला सिमितेरीत जागा नसते ना?"

"कोण म्हणतं?" फादरांनी वर बघितलं. "ती फार जुनी गोष्ट. आता देतात जागा. प्रार्थना असते, घंटा असते, सगळं. देव काय पाण्यासाठी अडून बसलाय का?"

"आता म्हणजे... कधीपासून?"

"माझ्या जन्माच्याही आधीपासून म्हणा ना. का, कोणाचं काही...?"

"नाही. सहज. कोणीतरी विचारत होतं."

आणि बाहेर आली ती, तर तिला उन्हात पायरीच दिसेना. म्हणजे तीन वर्षांपूर्वीही चाललं असतं. प्रार्थना झाली असती. घंटा वाजली असती. सॅविओची मेणबत्ती बरोबर जागी लागली असती. माय आपल्या लहानपणीचा नियम धरून बसली आणि हिनं विचारलंसुद्धा नाही कोणाला. इगर्जीच्या मागं जाऊन तिनं मोजलं. पन्हळीच्या तोंडापासून सिमितेरीच्या चिऱ्याच्या भिंतीपर्यंत अकरा पावलं. अकराच.

मनात आलं, अजूनही परत आत जाऊन सांगावं. फादर चांगले आहेत, हलवतील. पण हलवतील म्हणजे खणतील. पुठ्ठ्याचा बॉक्स, तीन पावसाळे. काय हलवणार? ती तिथल्या वाळलेल्या गवतावर बसली, आणि मग उठली. उद्याचं पाणी होतं अजून. आता तेवढंच होतं.

घरी येऊन ती सॅविओला म्हणाली, "रे, माका एक बूच करून दिशीत? दोणीक. फणसाच्या लाकडाचा."

सॅविओ टेम्पोखाली आडवा होता. तसाच सरकत बाहेर आला, तोंडाला ऑइल. बायकोनं त्याच्याकडे काही मागितलं होतं! मीठ संपलंय, गॅस आणा, हे नाही, स्वतःसाठी काहीतरी. तीन वर्षं तो वाट बघत होता. साडी आणून बघितली, वेलंकनीच्या यात्रेला नेऊन बघितलं, ती नुसती बरं म्हणायची.

"बूच कित्याक? तू माझ्यार सोड. तुझी दोण एक थेंब गळूची नाय."

"बूचच कर."

"सोड म्हटलंय मां माझ्यार!"

आणि गेला. कसालला कामही होतं त्याला, टायर बघायचा होता. मेल्विनाला दुसऱ्या दिवशीच्या चाळीस माणसांचं जेवण. सान्नांचं पीठ आंबत घातलेलं, मटण यायचं होतं, फेबीचं बाळ मध्येच किरकिरत होतं. चार वाजता सॅविओ परत आला, शीळ घालत, थेट इगर्जीत गेला, सहाला घरी. हाताला पांढरी भुकटी. ती म्हणाली, "झाला?"

"असा झाला की तुझो फादर बघीत ऱ्हवात."

तिला वाटलं, लाकूड घासलं असेल. फणसाचं लाकूड पिवळं असतं, हे तिच्या मनात आलंसुद्धा. खरंच आलं. पण तेवढ्यात सान्नांच्या भांड्याचं झाकण उडालं, आणि ती पळाली आत, आणि ते राहून गेलं.

रविवारी दहाची मिस, म्हणजे रविवारची उपासना, संपली आणि सगळे दाराशी दोणीभोवती. मेल्विना माद्रीन, म्हणजे बाळाला हातात धरणारी तीच. फेबीनंच सांगितलं, "वयनी, तूच. मायच्या जागी तू." शुक्रवारी मागून कुजबुजलेल्या बाईनंसुद्धा डोळे पुसले. दोण घासूनपुसून काळी कुळकुळीत, कडेला पांढरी फुलं. काकांनी कळशीनं पाणी ओतलं. सगळ्यांच्या माना पुढं. पाणी थांबलं! हललं, स्थिर झालं, वरच्या पंख्याची पाती त्यात दिसायला लागली.

"वा रे सॅविओ!" फादर म्हणाले. सॅविओनं मेल्विनाकडे बघितलं, आणि ती त्याच्याकडे बघून हसली. तोंड भरून हसली. हे लक्षात ठेवा.

तिनं बाळाला दोणीवर आडवं धरलं. फादरांनी शिंपल्यानं पाणी घेतलं, एकदा, दोनदा, तीनदा. "मारियान, मी तुला बाप्तिस्मा देतो..." आणि ते पाणी त्या एवढ्याशा जावळावरून, कानामागून, थेंब थेंब खाली. बाळ बोंबलायला लागलं. काय आवाज! सगळे हसले. मेल्विना एक एक थेंब बघत होती. हा गेला. हा गेला. हा तुझा. हाही तुझा.

मग नव्या कुंडाकडे फोटो. जेरी मोबाइलवर, हेल्मेट काढून, केस विंचरून. "थोडी डावीकडे! कुंड दिसाक होया!" दहा-बारा फोटो झाले तेव्हा मेल्विनानं बाळ फेबीच्या हातात दिलं आणि दोणीपाशी उभ्या काकांना सांगितलं, "काका, आता पाणी सोडा हां. मी इलंयच."

"व्हय, व्हय, तू जा."

बाजूच्या दारानं ती बाहेर, भिंतीला धरून मागं. नवी निळी साडी, तशीच मातीत गुडघे टेकले. मे महिना, माती भेगाळलेली, गवत काड्या झालेलं. तिनं पन्हळीच्या तोंडासमोर तळवा धरला.

आतून गाणं ऐकू येत होतं. मग गाणं संपलं. खुर्च्या सरकल्या. काका म्हातारे, वेळ लागेल. मग हॉलमध्ये स्पीकर सुरू झाला. तळव्यावर मुंगी चढली. पन्हळीतून अजून मुंग्या आल्या, रांगेनं, अंडी घेऊन नाही, काही नाही, सावकाश, ज्यांना कसली घाई नाही अशा. तिनं बोट आत घातलं. कोळ्याचं जाळं आणि धूळ. सुकी.

ती परत आत आली. दोण रिकामी, आणि काका आतून फडक्यानं पुसतायत.

"बघ गो, कशी चकचकीत केलंय! सोमवारी बागेत जावची, म्हटला, जाताना तरी बरी दिसांदे."

"काका, पाणी?"

"काढला मगान, बालदीत."

"मगान कित्याक? बूच काढूचा होता..."

"बूच खंय आसा? सॅविओन भोकच बुजवल्यान. व्हायट सिमेंट, आणि वर आणि कसला काय ता लावल्यान. हात लावन बघ, कळाचासुद्धा नाय खंय भोक होता ता. काय काम केल्यान झिलान!"

तिनं हात लावला. गुळगुळीत. थंड.

"पाणी खंय ओतलात काका?"

"मातयेत. आणि खंय? आशीर्वादाचा पाणी गटारात ओतूक मी काय येडो?" आणि त्यांनी हात केला तो गेटाकडं, जिथं फादरांनी क्रोटनच्या कुंड्या मांडल्या होत्या, दोन्ही बाजूंना चार चार.

ती गेली गेटापाशी. कुंड्यांतली माती ओली होती. खालच्या भोकांतून थोडं पाणी झिरपून पेव्हर ब्लॉकवर आलेलं, प्रत्येक कुंडीभोवती एक काळं कडं. ती उभी असतानाच, उन्हात, कडं आत आत सरकत गेलं. बशीएवढं झालं. मग रुपयाएवढं. मग नव्हतंच.

"गो माद्रीन! हय काय करतस? केक कापूचो आसा!" सॅविओ आला, हातात प्लेट, गालाला क्रीम. "बघलंस मां? तू बूच सांगलंस, मी जन्माचो इलाज केलंय. पाकिटार लिवलेला होता, दगडापेक्षा घट्ट. आता फादर कमळा लावांदे नाय तर मासे सोडांदे, एक थेंब..."

तो थांबला. कारण सकाळचं ते हसू आता तिच्या चेहऱ्यावर कुठं नव्हतं, नुसतं गेलेलं नव्हतं, कधी होतं असंही वाटत नव्हतं.

"चल," ती म्हणाली, आणि त्याला इगर्जीच्या मागं घेऊन गेली, आणि पन्हळीच्या तोंडाखाली बोट दाखवलं.

"हय आसा आपला चेडू."

"कोण?"

"आपला चेडू, सॅविओ. सिमितेरीत नाय. मायन हय ठेवल्यान. दोणीतला पाणी हय येता म्हणान."

तो बघत राहिला. प्लेट वाकडी झाली, केक खाली पडला, तिकडं लक्षच नाही. मग त्यानं विचारलं, एखाद्या शाळेतल्या पोरासारखं, "मगे मी मेणबत्ती कोणाक लावतंय?"

"तुझ्या आज्याक."

मग तो पळाला. टेम्पोतून छिन्नी-हातोडा काढून आत. काका ओरडले, "फोडतस काय रे मेल्या!" आतून दोन घाव ऐकू आले, तीन, चार. मग काही नाही. फादर बाहेर आले, काय झालं, काय झालं, कोणी सांगेना. सॅविओ परत मागं आला, बोटांतून रक्त, छिन्नीची धार वळलेली. "निघत नाय," म्हणाला. "दोणीक चीर जाता, ता निघत नाय."

आणि मग हॉलमधून पाण्याची बाटली घेऊन आला. गुडघ्यांवर बसला, तिच्या बाजूला, आणि बाटली पन्हळीच्या तोंडाशी तिरकी धरून ओतायला लागला. हळूहळू. दोन्ही हातांनी धरून.

"ता नळाचा पाणी, सॅविओ."

"फादराक सांगतंय. आशीर्वाद दी म्हणान सांगतंय, एक बालदी, दोन बालद्ये..."

"आशीर्वादाचा नको होता रे. कोणाच्या तरी पोराच्या डोक्यारना इलेला व्हया होता."

तो ओततच राहिला. बाटली संपली तरी तशीच धरून. भेगांनी पाणी पिऊन टाकलं, आवाजसुद्धा झाला नाही. आणि हॉलमधून माईकवर फेबीचा आवाज, बाळाचं रडणं मध्येच, "वयनी खंय गेली? माद्रीन खंय आसा? जेरी फोनार थांबलोहा!" दोनदा हाक आली, तिसऱ्यांदा आली तेव्हा मेल्विना उठली, साडीची माती झटकली, आणि गेली. जायलाच लागणार. केक तिच्या हातानं कापायचा होता.

सोमवारी बाबलीनं दोण काढली. खालची पन्हळ चिऱ्यांच्या तुकड्यांनी भरली, वर लादी. दोण बागेत, गेटातून शिरल्यावर उजवीकडं. घावांची एक चीर आहे, पण वरवरची. फादरांनी कमळाचा कंद लावलाय, फूल अजून नाही, डास होऊ नयेत म्हणून बारीक मासे सोडलेत. मेल्विना रोज तिच्यावरूनच दूध आणायला जाते. श्रावण गेला, पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन झालं, आणि पाणी कडेपर्यंत तसंच आहे.

परवा मेलेल्यांचा दिवस होता. सॅविओनं मेणबत्त्या दोन घेतल्या. एक आज्याच्या थडग्यापाशी लावली, आडोसा न करता. दुसरी शर्टाच्या खिशात. सिमितेरीत सगळं गाव होतं, आणि इगर्जीच्या मागं एकटा माणूस मेणबत्ती घेऊन का गेला, हे सगळ्यांनी विचारलं असतं. तो सिमितेरीच्या चिऱ्याच्या भिंतीपर्यंत गेला. तिथं उभा राहिला. घरी आला तेव्हा उन्हानं मेणबत्ती खिशातच वाकलेली, वात आत चिकटलेली, आणि मेल्विनानं शर्ट धुवायला टाकला.